काचेवरचा चौथा तुकडा

फोन आला तेव्हा माझ्यासमोर कोमट पाण्यावर कुणाच्या तरी गर्भाशयाचे काप तरंगत होते. हात रिकामे नव्हते म्हणून मोबाइल स्पीकरवर टाकला. पलीकडे ज्योत्स्ना, मंदाताईची मुलगी. "वैशालीमावशी, आई गेली... सकाळी चहा पिता पिता. हार्ट." एवढंच बोलली आणि रडायला लागली. मंदाताई त्या दिवशी कामावर आली नव्हती, आणि न सांगता दांडी कशी मारली म्हणून मी सकाळपासून मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. ज्योत्स्नाला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी ते काप आधी काचेवर घेतले, काचेवर नंबर टाकला, पाण्यावरून कागदाची पट्टी फिरवली आणि मगच स्टुलावरून उठले. पाणी तसंच टाकून तिच्या घरी कोलशेतला धावले असते, तर तिने त्या अवस्थेतही उठून माझा उद्धार केला असता.

दुपारी तिला पोचवून आलो आणि संध्याकाळी आमच्या लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. 'आपल्या लॅबच्या जुन्या मदतनीस मंदाबाई यांचे दुःखद निधन.' खाली जोडलेले हात, फुलं, पणत्या. मदतनीस! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आदल्या दिवशी सहा वाजेपर्यंत मशीनवर बसून काप काढत होती ती, आणि मदतनीस? आज पाच आठवडे झाले, तिडीक काही उतरलेली नाही. हा लेख त्या एका शब्दापायी लिहितेय. डोळे पुसायला रुमाल घेऊन बसला असाल, तर पान उलटा, माझी काही हरकत नाही.

आमचं काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून आधी ते सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा 'तपासायला पाठवलाय' असं डॉक्टर सांगतात ना, तो आमच्याकडे येतो. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, खाली स्क्रू बनवणाऱ्यांचं वर्कशॉप. तुकडा आधी औषधात मुरतो, मग मेणात बसवून त्याची चौकोनी वडी करतात. तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. मशीनवर त्या ब्लॉकचे केसाहून पातळ काप निघतात, एकाला एक चिकटून, रिबनीसारखे. ती रिबन कोमट पाण्यावर सोडायची, म्हणजे तिच्या सुरकुत्या जातात. मग खालून काच घालून काप अलगद उचलायचा, रंगवायचा, आणि काच डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवायची. रोग आहे की नाही ते डॉक्टर ठरवतात. पण ठरवतात ते आम्ही दिलेल्या काचेवरून, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

मंदाताई ही कोलशेत गावातल्या आगरी घरातली सून. नवरा जवळच्याच कंपनीत होता. ती बंद पडली तेव्हा ही आमच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागली. बारावी नापास, तेही एकट्या इंग्रजीत. जीवशास्त्रात चांगले मार्क होते हे ती कोणी न विचारता सांगायची. दोन वर्षं बाटल्या धुता धुता ती मशीनवरच्या तंत्रज्ञाचे हात बघत राहिली. एक दिवस त्या माणसाला आखातातली नोकरी लागली आणि तो जेवणाच्या सुट्टीत गेला तो आलाच नाही. सर, म्हणजे लॅबचे मालक आणि डॉक्टर, बाहेरगावी गेलेले. ते परत आले तेव्हा सगळ्या काचा रंगवून तयार! चार दिवस ते विचारत होते, नवा माणूस चांगला आहे, कोणी लावून दिला? नवा माणूस मोरीत बाटल्या घासत बसलेला. आज असं कोणी परस्पर केलं तर मीच त्याला हाकलून देईन, हेही सांगून टाकते. पण सरांनी तिला हाकललं नाही, मशीनवर बसवलं. फक्त हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे 'मदतनीस' होतं ते तसंच राहिलं.

मी आले ती त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी. डोंबिवलीची, बीएस्सी, वर लॅबचा डिप्लोमा, इस्त्रीचा पांढरा एप्रन. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काय काय शिकलीस गो?" मी पोपटासारखी बोलले, "शरीरात ऊती चार प्रकारच्या. अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता." ती म्हणाली, "हां. नावं पाठ हायत तुझी. हाताला काय लागतं ते सांग." हाताला? माझ्या हाताला तोवर पुस्तकाशिवाय काही लागलेलंच नव्हतं! तिने मला कातडीचा एक तुकडा मेणात बसवायला दिला. मी तो चादर अंथरावी तसा छान सपाट बसवला. तिने बघितलं, ब्लॉक परत वितळवला आणि तुकडा चिमट्याने काठावर उभा केला. "झोपवून ठेवलीस तर डॉक्टरला नुसती वरची साल दिसेल. कातडी उभी बसवायची. मग एका कापात वरचं अस्तर दिसतं आणि खालचा भरावपण." मी एप्रनला मेण लागलं म्हणून कुरकुरले, ते मात्र तिने मरेपर्यंत विसरलं नाही. दर नव्या माणसाला माझ्या एप्रनची गोष्ट सांगायची बया.

तिच्याकडे चार ऊतींना तिची स्वतःची नावं होती. अभिस्तर म्हणजे अस्तर. बाहेरून कातडी, आतून तोंड, जठर, आतडं, जिथे जिथे शरीराला काठ आहे तिथे हे अस्तर, आणि जिथे जसं काम तिथे तसं. तोंडात घास घासून जातो म्हणून थरावर थर. जठरात चिकट स्राव करायचा असतो म्हणून उभ्या पेशींची एकच ओळ. हे मी पुस्तकात वाचलेलं, तिने काचा उजेडात धरून धरून ओळखलेलं. सकाळी ती तंबाखूची मिश्री लावायची, ती सुटली यामुळेच. गालाच्या आतल्या तुकड्यांचे इतके काप तिने काढले, ते बिघडलेले थर इतके पाहिले, की एके दिवशी डबी उचलून कचऱ्यात टाकली. कोणी सांगितलं म्हणून नाही हां. सांगितलं असतं तर मुद्दाम चालू ठेवली असती. मग मात्र सगळ्यांच्या मागे लागली. खालच्या वर्कशॉपमधले लोक तंबाखू मळताना ती जिन्यावर दिसली की हात पाठीमागे लपवायचे.

संयोजी ऊतीला ती भराव म्हणायची. चरबी, हाड, स्नायूबंध, कूर्चा, सगळा भराव. रक्तही त्यातच येतं असं मी सांगितलं तेव्हा मला खुळ्यात काढलं. "रक्त आणि हाड एका घरचे? जा गो!" मी कागदावर काढून दाखवलं. पेशी विखुरलेल्या आणि मधे भरलेला माल वेगवेगळा. हाडात चुना, रक्तात पातळ द्रव. धरून ठेवणं, आधार देणं, इकडचं तिकडे पोचवणं हे सगळं त्याच जातीचं काम. तिने कागद हातात घेतला. "म्हणजे हे नसलं तर अस्तर बसणार कशावर?" म्हणाली. मग तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. इतक्या वर्षांत माझ्याकडून तिने घेतलेली ती एकच गोष्ट असावी. बाकी सगळं मीच घेतलं.

चेता ऊतीला ती तार म्हणायची. आमच्याकडे मेंदूचे तुकडे क्वचित येत, पण तार म्हणजे काय ते तिला स्वतःच्या डाव्या तर्जनीवरून माहीत होतं. एकदा मशीनच्या पात्याने बोटाचं टोक उडालं. "कातडी आठवड्यात आली," ती बोट नाचवत सांगायची, "खाली भराव भरला, गाठ झाली. तार काय जुळली नाय. बघ, टोच." आणि खरंच सुई टोचायला लावायची. त्या बोटाला शेवटपर्यंत काही कळत नव्हतं. पाणी किती कोमट आहे ते ती उजव्या हाताने बघायची.

आणि स्नायू. स्नायूंमध्ये तिचा जीव होता तो हृदयाच्या काचेवर. शिकवण्यासाठी ठेवलेली एक जुनी काच होती आमच्याकडे, तिला ती कोणाला हात लावू द्यायची नाही. हातापायांच्या स्नायूंवर आडव्या रेघा असतात, आणि ते आपण सांगू तसे हलतात. आतड्याच्या स्नायूवर रेघा नसतात, आणि तो आपल्याला विचारत नाही. हृदयाचा स्नायू तिसराच. रेघा असून कोणाचं ऐकत नाही! "बघ गो, अंगात सगळ्यांसारख्या रेघा हायत, पण हुकूम कोणाचा घेत नाय," असं ती मोठ्या कौतुकाने सांगायची. ... त्यानेच तिला दगा दिला. मला राग येतो, ताई. तुझ्यावर येतो, त्या काचेवर येतो. दोन महिने डावा खांदा दुखतोय म्हणत होतीस, मी दहादा डॉक्टरकडे चल म्हटलं, आणि तू म्हणायचीस मशीनचं चाक फिरवून दुखतोय.

आता त्या पट्टीचं सांगायला हवं. एका ब्लॉकचे काप उचलले की पाण्यावर बारीकसे कण मागे राहतात. रंग लागेपर्यंत ते दिसतही नाहीत. पुढच्या माणसाचे काप त्याच पाण्यावर सोडले, तर आधीच्याचा कण याच्या काचेवर चढून बसतो. एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर! म्हणून दर ब्लॉकनंतर पाण्यावरून कागद फिरवून पाणी पुसायचं. मंदाताई त्यासाठी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापून ठेवायची. पुरवणीच का, तर घरून येताना ती वाचत यायची आणि वाचून झाली की कामाला लावायची. बऱ्याचदा वाचून झालेली नसायचीच. मग पट्टीवरच्या अर्ध्या ओळी वाचून, "हा माणूस बायकोबद्दल खोटं लिहितो," असा निकाल द्यायची आणि पट्टी पाण्यावरून फिरवायची. पुसणं दर वेळी, न चुकता. मी चुकले.

मला लागून दोन महिने झालेले. तीन महिने काम बघून मग कायम करायचं, असं सरांनी सांगितलेलं. बाबा अर्धांगवायूने अंथरुणावर, धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू, घरात मिळवती मी एकटी. त्या दिवशी मशीनवर कल्याणच्या एका शाळेतल्या तरुण शिक्षिकेच्या जठराचा ब्लॉक आला, त्यात तीन इवलेसे तुकडे. काप मी काढले. दुपारी सरांच्या केबिनमधून आवाज ऐकू आला, ते तिच्या सर्जनला फोन लावायला सांगत होते. कॅन्सर. वय एकतीस. मला वाईट वाटलं, पण आमच्या कामात असं वाटून घ्यायला फार वेळ नसतो. मंदाताई सरांच्या बघून झालेल्या काचा ट्रेमध्ये लावत होती. तिची एक सवय होती, प्रत्येक काच ट्यूबच्या उजेडात धरून तुकडे मोजायची आणि ब्लॉकशी ताडून बघायची. त्या शिक्षिकेची दुसरी काच तिने उजेडात धरली. मग ब्लॉक उचलला. मग परत काच. आणि सरळ केबिनचं दार ढकलून आत गेली.

"सर, फोन नका लावू."

"मंदा, आता तू मला शिकवणार?"

"शिकवत नाय. मोजायला सांगते. ब्लॉकमध्ये तुकडे तीन. काचेवर चार. चौथा कोणाचा?"

सर तापट माणूस. पण हातातला फोन खाली ठेवला, तिच्याकडून ती काच घेतली आणि परत सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. तीन तुकड्यांवर जठराचं अस्तर होतं, एकेरी ओळ, सुजलेलं पण साधं. रोग होता तो फक्त चौथ्यात, आणि त्या चौथ्यात थरावर थर होते. गालाचा तुकडा! त्या बाईच्या आधी मी तंबाखू खाणाऱ्या एका माणसाचा गाल कापला होता. ब्लॉक पुन्हा कापला, तीनच तुकडे, रोग नाही. सर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हा ब्लॉक कोणी कापला? पाणी कोणी पुसलं नाही?" तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. आणि माझ्या शेजारून मंदाताई म्हणाली, "मी कापलेला. पुसायचं राहिलं."

त्या आठवड्यात लॅबची मोठी तपासणी होणार होती, आणि तिच्या आधी सरांनी मंदाताईच्या नावाचं पत्र टाइप करून घेतलं होतं. इतक्या वर्षांनी 'तंत्रज्ञ' म्हणून नेमणूक. मी ते टेबलावर पाहिलेलं. सरांनी ते पत्र आमच्यासमोर फाडलं. त्या दिवसापासून कागदोपत्री काप मी काढते. मंदाताई काढायची आणि 'काप कोणी काढला' या रकान्यात सही माझी. नियम मलाही कळतात, ज्याच्याकडे डिप्लोमा त्याची सही. पण नियमाला तिचे काप चालत होते, तिचं नाव तेवढं चालत नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी सही करत गेले. लाज वाटायची. तरी करत गेले.

त्या संध्याकाळी जिना उतरताना मी तिला विचारलं, "ताई, असं का केलंस?" ती चप्पल घालत होती. "तुला काढली असती गो. मना काढून त्याचे ब्लॉक काय त्याचा बाप कापणार होता?" मग माझा कान धरला, अक्षरशः धरला, आणि म्हणाली, "परत पाणी पुसायला विसरलीस तर हात तोडीन. आणि कोणाकडं तोंड उघडलंस तर बघ." इतकंच. पुढे त्या विषयावर ती कधी एक शब्द बोलली नाही. माझ्याशी मात्र तीन आठवडे बोलली नाही, कारण पाणी पुसायचं विसरणं हा तिच्या लेखी गुन्हाच होता. डबा खाताना बोंबलाची चटणी माझ्याकडे सरकवायची, तोंड दुसरीकडे करून.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, तो चौथा तुकडा माझ्या हातून आलेला. पाणी मी पुसलं नव्हतं. ग्रुपवरचा मेसेज बदला."

सर आता थकलेत. चष्मा काढून पुसत राहिले. "माहीत आहे मला," म्हणाले. "त्याच दिवशी कळलेलं. काप जाड होता, पात्याची रेघ उमटलेली. मंदाच्या हातचा काप मी झोपेतही ओळखीन."

मी म्हटलं, "मग पत्र का फाडलंत?"

"तपासणी तोंडावर आलेली. बारावी नापास बाईला तंत्रज्ञ कसं दाखवणार, याच विचारात होतो मी. तिने चूक अंगावर घेतली... मला सोपं झालं."

सोपं झालं! पंधरा वर्षं मी एकटी हे पोटात घेऊन फिरत होते, आणि केबिनच्या काचेपलीकडे बसलेल्या माणसाला सगळं ठाऊक होतं. खोटं बोलले नाहीत, एवढं श्रेय देते. पण त्या दिवशी माझा आवाज खालच्या वर्कशॉपपर्यंत गेला असणार. "आता काय उपयोग, वैशाली? ती तर गेली," ते म्हणाले. मी म्हटलं, "तिला नसेल, मला आहे. तुम्ही नाही लिहिलंत तर मी पेपरात लिहीन." ते म्हणाले, "लिही. माझं नाव नको टाकू." सर, तुमचं नाव कशाला टाकू? हा लेख तुमच्यावर नाहीच.

आणि ताई, उघडलं मी तोंड. बघ काय करायचं ते. चूक माझी होती, काप माझा होता, आणि कल्याणमधली एक बाई आज फळ्यावर लिहीत असेल, तिला काहीच ठाऊक नसेल, ती तुझ्या मोजण्यामुळे. मदतनीस म्हणे! ज्यांना मेसेज बदलायचा नाही त्यांनी नका बदलू. मी इथे छापून घेते, ठसठशीत: मंदाकिनी भोईर, हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ, वागळे इस्टेट, ठाणे.

तिचं स्टूल मी कोणाला दिलेलं नाही. पट्ट्या आता मी कापते, रविवारच्या पुरवणीच्या, चार बोटं रुंद. ही पुरवणीसुद्धा सोमवारी सकाळी कापणार, हा लेख असलेलं पानही. तिचं नाव छापलेली पट्टी तेवढी जपून ठेवावी, असं एकदा मनात आलेलं... छे. कागद फुकट घालवला म्हणून ओरडली असती. सोमवारी पहिल्या ब्लॉकनंतर तीच पट्टी घेईन आणि पाण्यावरून फिरवीन.